खांबापाशी वेग शून्य

मुदखेडमध्ये दयानंद सरांच्या क्लासचं नाव झालं ते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे सर लातूरला शिकून आले होते, आणि लातूरचं नाव घेतलं की आपल्याकडचे आईबाप पुढचं काही विचारत नाहीत. दुसरी गोष्ट शनिवारची. शनिवारी सर पुस्तक उघडत नसत. पोरांनी आपापल्या गावचं गणित रचून आणायचं आणि सरांनी ते आधी न बघता, तिथल्या तिथे फळ्यावर सोडवायचं. विहिरीत पडलेला दगड, फाटकातून सुटलेली मालगाडी, उतारावर हात सोडलेली सायकल, काहीही चाले. सोडवता सोडवता सर मुद्दाम एखादी चूक करत, आणि जो पकडेल त्याला पेढा मिळे. त्यामुळे अख्खा वर्ग दुधाच्या पातेल्याभोवती मांजरं बसावीत तसा टपलेला असे.

त्या शनिवारी पुनम परत आली. वडील गेल्यापासून ती क्लासला फिरकली नव्हती. तिला पहिल्या बाकावर बसलेली पाहून सरांनी नजर हजेरीच्या वहीत घातली, कारण तिचे वडील ज्या गाडीखाली गेले ती गाडी सरांचा मुलगा चालवत होता.

झालं ते असं. सिद्धेश्वर एका व्यापाऱ्याच्या पिकअपवर होता, केळीच्या फेऱ्या करायचा. भोकरच्या रस्त्याला अंधार पडल्यावर त्याची गाडी पुनमच्या वडिलांना, शेषेरावांना लागली. शेषेराव बाजार करून सायकलवर घरी निघाले होते. ते सकाळी मेलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं असतं तर माणूस वाचला असता. सिद्धेश्वरने सांगितलं, धक्का बसला खरा, पण मला वाटलं रानडुक्कर आडवं गेलं, मी थांबलोच नाही. रानडुकरांचा त्रास त्या रस्त्याला आहेच. सरांनी लेकावर विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, तर स्वतः शेषेरावांच्या अंगणात जाऊन त्यांच्या म्हाताऱ्या आईचे, धोंडाबाईंचे पाय धरले आणि म्हणाले, "त्याला कळलं असतं तर त्यानं उचलून आणलं असतं. माझा पोरगा आहे तो." धोंडाबाई म्हणाल्या, "तुमी म्हणून राहिलात सर, म्हंजी खरंच असंल." सोमवारी दोन्ही घरं मिळून ठाण्यात लिहून देणार होती की जे झालं ते अजाणता झालं. मग सिद्धेश्वर सुटल्यासारखाच होता.

इतकं सगळं सरांच्या एका शब्दावर उभं होतं. मास्तरकीत माणसाच्या शब्दाला असं वजन येतं आणि त्याचं त्यालाच फार बरं वाटत राहतं.

"आज कोणाचं गणित?" सरांनी विचारलं. पुनम उठली.

"माझं हाय सर. मुदखेडहून भोकरकडं एक गाडी चालली. रस्त्याला विजेचा खांब हाय. गाडी खांबापाशी आली तवा वेळ शून्य धरायची. वेळ दहा-दहा सेकंदांत मोजायची, अंतर दहा-दहा मीटरांत." मग तिने समीकरण सांगितलं आणि सरांच्या हाताने ते फळ्यावर उमटलं: s = t³ − 6t² + 9t.

"गाडी कुठं थांबली, ते काढायचं."

सरांचा खडू फळ्यावरच राहिला. तो खांब त्यांना माहीत होता. शेषेराव त्याच्याच बुडाशी सापडले होते.

"हे समीकरण कुठून आणलंस?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"गाडीत मालकानं जीपीएसचं मशीन बसवलेलं असतंय ना, गाडी कुठं हाय ते दाखवायचं. त्यातली नकाशावरची टिंबं त्यांनी आमच्या काकाला दाखवली. म्हणले, मशीन बिघडलंय, गाडी उगं मागं-पुढं दाखवतंय. मी त्या टिंबांमधून समीकरण बसवलं. तुमीच शिकवलं होतं, दिवाळीच्या आधी."

शिकवलं होतं खरं. आणि पोरगी हुशार होती, याचा त्यांना वर्षभर अभिमानही होता. आता मात्र ती मठ्ठ असती तर बरं झालं असतं असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या विचाराची त्यांना लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून भीती कमी झाली नाही.

तास पुढे ढकलता आला असता. डोकं दुखतंय म्हणता आलं असतं. पण मागच्या बाकांवरची पोरं वह्या उघडून तयार होती, आणि पुनम बसायला तयार नव्हती. सर फळ्याकडे वळले.

"अंतराचा डेरिव्हेटिव्ह घेतला की वेग मिळतो," ते नेहमीसारखं बोलू लागले. "गाडी थांबते तेव्हा वेग शून्य." आणि त्यांनी लिहिलं: v = 3t² + 12t + 9.

यात खांबानंतर वेग कधीच शून्य होत नाही. सगळ्या पदांना अधिकाचं चिन्ह, गाडी सुसाट पुढे. रानडुक्कर आडवं गेलं, कळलंच नाही, थांबलोच नाही. सिद्धेश्वर म्हणाला होता अगदी तसंच. वजाचं अधिक करणाऱ्या एका उभ्या रेघेने पोरगा वाचत होता.

"सर, चिन्ह!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि पाठोपाठ निम्मा वर्ग हसत ओरडला, "बारा वजा पाहिजे सर, पेढा द्या!" शनिवारचा खेळ चाललाय असंच त्यांना वाटलं. सरांनीच तर त्यांना इतकं तयार केलं होतं. पुनम मात्र हसली नाही. ती सरांच्या हाताकडे बघत होती, आणि ही चूक खेळातली नव्हती हे तिला समजलं होतं.

सरांनी बोटाने उभी रेघ पुसली. पुढचं अवयव पाडणं कोणालाही आलं असतं. v = 3(t − 1)(t − 3). खांब ओलांडल्यावर दहा सेकंदांनी वेग शून्य, गाडी चाळीस मीटर पुढे जाऊन थांबलेली.

"मग थांबली की, सर," एक मुलगी म्हणाली.

"थांबली," सर म्हणाले. "एक ते तीनच्या मधे वेग वजा आहे. म्हणजे..."

"म्हणजे गाडी मागं आली," पुनम म्हणाली.

"हाव. मागं आली."

"आणि तीनला, सर?"

तीनला वेग पुन्हा शून्य. सरांनी मूळ समीकरणात तीन घातले. सत्तावीस वजा चोपन्न अधिक सत्तावीस. अंतर शून्य. गाडी मागे येऊन खांबापाशी थांबली होती, नेमकी खांबापाशी, एक मीटर इकडे नाही की तिकडे नाही. तिथून पुढे त्वरण अधिक होतं. ती पुन्हा निघाली आणि वेग वाढवत भोकरकडे गेली.

पोरं गावातलीच होती. कोणता खांब, कोणाची गाडी, हे एकेकाला उमगत गेलं, आणि उमगलं तसं एकेकाने वही मिटली. पेढ्याचं कोणी नाव काढलं नाही.

"माझी आज्जी तुमच्यासाठी सोमवारी अंगठा देणार हाय," पुनम म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि चढला असता तर सरांना बरं वाटलं असतं. "म्हणून मला तुमच्याच हातचं उत्तर पाहिजे होतं. सर, बाबा तवा शुद्धीवर असतील का? ते गणितात येत न्हाई."

"न्हाई येत," सर म्हणाले. त्यांनी खडू ठेवला आणि ते तसेच अनवाणी बाहेर गेले.

सिद्धेश्वर क्लासच्या फाटकाशी मोटारसायकलवर बसून होता. सोमवारच्या कागदासाठी वकिलाकडे जायचं होतं, म्हणून तो सरांना न्यायला आला होता. मळकं जर्किन, बाजूला पाडलेला भांग, लहानपणी झोपेतून उठल्यावर दिसायचा तसाच चेहरा. आपण त्याला शाळेत सोडायला जात होतो, तो दरवाजातून मागे वळून हात हलवायचा, हे सरांना नको त्या वेळी आठवलं.

"चला पप्पा, उशीर होऊन राहिला."

तू थांबला होतास का, असं सरांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि बाप म्हणून आपण पुन्हा एकदा ते खरं मानलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मोटारसायकलच्या हँडलवर हात ठेवला.

"शेषेराव काय म्हणले तुला?"

सिद्धेश्वर हसायला गेला. मग त्याने बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू विझलं. बराच वेळ तो पेट्रोलच्या टाकीवरचे चरे पुसत राहिला, जणू ते पुसून जाणार होते.

"पाणी मागून राहिले होते," तो म्हणाला. "लई भ्यालो होतो, पप्पा."

सरांना पाठीमागे चपलांचा आवाज आला. पुनम पायरीवर येऊन उभी राहिली होती, आणि तिने ते ऐकलं होतं.