पालिका दगड घेत नाही

पत्र्यावर चिमणीने चोच मारावी तसा आवाज शोजीच्या बोटांतून सतत झरत असे. जेवणाच्या चौरंगावर, दाराच्या चौकटीवर, धाकट्या बहिणीच्या पाठीवर. महायुद्धात बॉम्बफेकी विमानातून बिनतारी संदेश पाठवणारा तो, विशीही न गाठलेला. रजेवर आला की तिच्या पाठीवर त्याच सांकेतिक टकटकीत विचारी, ‘आज काय जेवलीस?’ ती अकरा वर्षांची पोर पाठीनेच ते वाचे आणि ओरडे, “रताळं! रोजच रताळं!”

ती बहीण, किमिको आजी, आता नव्वदीपार. फुनाबोरीतलं घर सोडून वृद्धाश्रमात निघालेली, म्हणून जुनं सामान उचलायला मला बोलावलेलं. मला करार करून या देशात आणणाऱ्या कंपनीने वर्षाच्या आत तो मोडला. तेव्हापासून मी स्वतःच्या टेम्पोवर जगतो, आणि कुणाचा शब्दही वाजवून बघितल्याशिवाय घेत नाही.

पितरांच्या देव्हाऱ्यात अस्थी ठेवतात तशी पांढऱ्या लाकडाची एक पेटी होती. ऐंशी वर्षांपूर्वी, अंगणातल्या झाडावर पर्सिमनची फळं केशरी दिव्यांसारखी पेटली होती त्या शरदात लष्कराचा माणूस ती देऊन गेला. म्हणाला, आत तुमचा मुलगा आहे. शोजीच्या आईने पेटी कानाशी धरून हलवली. टक्. एकदाच.

“फारच हलका होऊन आला,” आई म्हणाली.

आत निघाला एक दगड. कुठल्याशा रस्त्यावरून उचललेला, खडबडीत. विमान कुठल्या समुद्रात बुडालं, शेवटचा संदेश कुणी ऐकला की नाही, हे सांगायला कुणी आलं नाही. तरी दर ऑगस्टला, पितर घरी येतात त्या दिवसांत, आधी आईने आणि मग आजीने तो दगड बाहेर काढून पुसला, त्याच्यापुढे भाताची वाटी ठेवली.

“हे खोटं बरोबर घेऊन मला मरायचं नाही,” आजी म्हणाली. कुठल्या वारी कुठला कचरा ठेवायचा, तो पालिकेचा तक्ता ती भिंग लावून वाचत होती. “पेटी मंगळवारी, जळाऊ कचऱ्यात. दगड कुठल्या वारी?”

मी पालिकेला फोन लावला. दगडमाती आम्ही नेत नाही, पलीकडची मुलगी अदबीने म्हणाली. माझं डोकं फिरलं. “अहो, सरकारनेच दिलाय तो! खोटा माल गळ्यात मारायचा आणि परत घ्यायची वेळ आली की नियम दाखवायचा?” ती बिचारी माफी मागत राहिली.

“ओरडू नका, पाटील-सान,” आजी हसली. “तक्रारीला ऐंशी वर्षं उशीर झालाय.”

मी म्हटलं, द्या इकडे, नदीत सोडून येतो.

“पाण्याला एक दिलाय. पुरे.”

दगड तिच्या तळव्यावर होता. खिडकीतून येणाऱ्या हिवाळी उन्हात तिचं वाकडं झालेलं बोट हळूच त्यावर वाजू लागलं. मी विचारलं, काय म्हणताय त्याला?

“आज काय जेवलास,” ती म्हणाली. “हा तो नाही, मला माहीत आहे. पण दुसरं कोण आहे ऐकायला?”

दगड खिशात घालून ती वृद्धाश्रमात गेली. मंगळवारी पेटी कचऱ्यात ठेवण्याआधी मी ती कानाशी धरून हलवली. काहीच वाजलं नाही. ज्यांनी फसवलं ते केव्हाच काळाच्या पडद्याआड गेले. त्यांचा दगड मात्र दोन बायकांच्या हातांनी पुसून पुसून गुळगुळीत झाला, आणि नसलेल्या माणसाच्या आठवणीला टेकायला तेवढीच जागा उरली. माझा राग अजून खडबडीत आहे, आणि तो कुठल्या वारी ठेवायचा ते त्या तक्त्यात नाही.