कोरा रोल

वडूजमध्ये वीरधवलचा फोटो स्टुडिओ आहे. खटाव-माण भागात कुणाचं लग्न ठरलं की मांडववाल्याच्या आधी वीरधवलला फोन जातो. दोन भारीतले कॅमेरे, एक ड्रोन, अल्बम छापायला कोल्हापूरचा माणूस, सगळं जागच्या जागी. अशा माणसानं कुणाचा हेवा करावा असं काही नव्हतं. पण त्यानं केला, आणि तोही स्वतःच्या बायकोचा.

संयोगिता त्याची बायको. हायस्कूलला विज्ञान शिकवायची. माहेर माधवनगरचं. दिवाळीला दोघं तिकडं गेली, तेव्हा तिच्या वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन मिरजेला मुजीबच्या दुकानात गेली. मुजीब घड्याळं दुरुस्त करायचा आणि हौसेनं जुने कॅमेरेही. काचेच्या कपाटात एक बुटका, लोखंडासारखा जड रशियन कॅमेरा होता. संयोगिता त्याच्याकडं बघत राहिली, तसा मुजीबनं तो काढून तिच्या हातात दिला.

"डोळा लावा, भाभी. मधोमध पिवळा चौकोन दिसतोय? त्यात समोरचा माणूस दोनदा दिसंल. ही कडी फिरवा. दोनाचा एक झाला की फोकस बसला."

रस्त्यापलीकडं एक म्हातारा कारागीर सतारीचा भोपळा तासत बसला होता. संयोगितानं कडी फिरवली. दोन म्हातारे हळूहळू एकमेकांत शिरले आणि एक झाले. ती लहान पोरीसारखी हसली.

"आवं, हा मी घेणार."

"घरात दोन-दोन कॅमेरे हायेत की," वीरधवल म्हणाला.

"ते तुमचे हायेत."

तिनं स्वतःच्या पगारातून तो घेतला. वीरधवलनं मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. कपाटावर जाऊन बसेल. आणि बसलाही असता, पण घरी आबा होते.

आबा म्हणजे वीरधवलचे वडील, नाथाजी. वय चौऱ्याहत्तर. वडूजचा स्टुडिओ मूळ त्यांचाच. रोलच्या जमान्यात त्यांनी पस्तीस वर्षं तो चालवला. वीरधवलनं डिजिटल कॅमेरा आणला, तेव्हा आबांनी आपलं सामान एका ट्रंकेत भरलं, कुलूप घातलं आणि पुन्हा कुठल्याच कॅमेऱ्याला हात लावला नाही. मुलाच्या फोटोला बरं म्हणाले नाहीत आणि वाईटही. एकदा वीरधवलनं एका बड्या पुढाऱ्याच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम मुद्दाम घरी आणून त्यांच्यापुढं ठेवला होता. आबांनी चष्मा लावला, शेवटपर्यंत पानं उलटली आणि विचारलं, "जेवण काय हुतं?"

त्याच आबांनी संयोगिताच्या हातातला कॅमेरा घेतला, उलटापालटा केला, कानाशी नेऊन बटण दाबलं, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"कापडी पडदा हाय ह्याचा," ते म्हणाले. "उन्हाकडं तोंड करून ठेवलास तर भिंगातनं ऊन आत जाऊन कापडाला भोक पडंल. टोपण लावल्याबगार खाली ठेवायचा न्हाई. ध्यानात ठेव, पोरी."

त्या दिवसापासून शाळा सुटली की सासरा-सून अंगणात. पंधरा दिवस आबांनी रोल घालू दिला नाही. रिकामा कॅमेरा, नुसती तालीम. "त्यो लिंब किती फुटावर?" "अठरा." "घाल पावलं." पावलं घातली की बावीस भरायची आणि दोघं हसायची. कडक ऊन असलं की भिंगाचं तोंड किती मिटायचं, ढग आला की किती उघडायचं, सगळं तोंडपाठ करून घेतलं. ट्रंकेचं कुलूप निघालं. आतनं रोल धुवायचा डबा निघाला, हात घालायची काळी पिशवी निघाली, फोटो मोठा करायचं यंत्रसुद्धा निघालं.

वीरधवल आत संगणकावर नवरा-नवरींचे चेहरे उजळत बसलेला असायचा. खिडकीतनं हसणं कानावर यायचं. आबा असे हसतात हे त्याला चाळिशीला आल्यावर कळत होतं. पंधरा वर्षांचा असताना तो त्यांच्याकडं गेला होता, मला शिकवा म्हणून. "अभ्यास कर," एवढंच आबा म्हणाले होते. मग तो साताऱ्याच्या एका स्टुडिओत दोन वर्षं लायटी धरून, बोलणी खाऊन शिकला. आणि आता सुनेला हात धरून शिकवणं चाललं होतं. त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा जेवताना तो बोललाच. "पंधरा दिवस झालं, एक फोटो न्हाई. मी तेवढ्यात चार लग्नं उरकली."

आबा भाकरी मोडत म्हणाले, "उरकतोसच तू."

संयोगितानं मान खाली घातली. वीरधवलला वाटलं, ती हसू दाबतेय. ती हसत नव्हती, पण जळणाऱ्याला तेवढं कुठलं दिसतंय?

रोल आला. रविवारी सकाळी संयोगितानं अंगणातल्या कट्ट्यावर बसून तो कॅमेऱ्यात भरला. आबा पांढरं धोतर नेसून, टोपी घालून बाहेर आले आणि खुर्ची ओढून लिंबाखाली बसले.

"पयला रोल माझ्यावर घाल," ते म्हणाले.

चहाचा कप घेऊन दारात आलेला वीरधवल जागीच थांबला. आबा कधी कुणाला फोटो काढू द्यायचे नाहीत. एकसष्टीला त्यानं किती विनवलं होतं. "फोटोवाल्यानं कॅमेऱ्याच्या मागंच ऱ्हावं," म्हणून ते उठून शेतावर गेले होते. घरात त्यांचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, चोरासारखा आलेला. आणि आज आपणहून खुर्ची ओढून बसले होते.

संयोगितानं कॅमेरा डोळ्याला लावला. आणि वीरधवलला दिसलं की भिंगावर टोपण तसंच आहे.

त्याच्या कॅमेऱ्यात असं झालं असतं तर समोर अंधार दिसला असता. पण या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. तिला आबा लख्ख दिसत होते. रोलपर्यंत मात्र उजेडाचा कणही पोचणार नव्हता. एका शब्दाचं काम होतं. 'टोपण' म्हटलं की झालं. शब्द त्याच्या जिभेवर आलाही.

तेवढ्यात आबा म्हणाले, "हात लय थिर हाय गं तुझा. असा हात लाखात एकाचा."

शब्द परत आत गेला. वीरधवलनं तोंडात मिठाची गुळणी धरली आणि चहाचा घोट घेतला.

तिनं बटण दाबलं. रोल पुढं सरकवला. परत दाबलं. आबांना कट्ट्यावर बसवलं, भिंतीशी उभं केलं, टोपी काढायला लावली. ती सांगेल तसे आबा वळत होते. त्यांची नजर दोन-चार वेळा वीरधवलकडं आली आणि थोडी थांबून गेली. त्यानं चहा संपवला, रिकामा कप तसाच धरून उभा राहिला. दरवेळी मनात म्हणायचा, आता सांगू. दरवेळी तिचा चेहरा बघायचा, आनंदानं फुललेला, आणि आतलं कडू वर यायचं. छत्तीस फोटो झाले.

मग संयोगितानं कॅमेरा खाली ठेवायचा म्हणून खिशात टोपण चाचपलं. खिशात ते नव्हतं. तिनं कॅमेरा वळवून बघितला.

"हे मी आत्ता लावलं का?" तिनं विचारलं. "का आधीच हुतं?"

आबा टोपी झटकू लागले, वीरधवल रिकाम्या कपात बघू लागला.

"आत्ताच लावलं आसंल," तीच म्हणाली, पण आवाज चोरटा झाला होता.

न्हाणीत तिनं आणि आबांनी रोल धुतला. वीरधवल दाराबाहेर घुटमळत होता. डब्यातनं निघालेली पट्टी तिनं उजेडात धरली. पट्टी काचेसारखी स्वच्छ होती. कडेचे छापील आकडे तेवढे काळे उठले होते. म्हणजे धुण्यात काही चुकलं नव्हतं. फोटोच नव्हते.

संयोगिता पायरीवर बसली. रडली नाही, पण पट्टी बोटांना गुंडाळत राहिली.

आबा शेजारी बसले. "मी बघितलं हुतं टोपण," ते म्हणाले. "सांगितलं न्हाई. माझा वस्ताद असंच करायचा. एक रोल कोरा गेला की जन्मात इसरत न्हाई माणूस. आन् ह्यो वीरधवल. त्यानंबी बघितलं. मी बघत हुतो त्याच्याकडं. त्योबी गप बसला. तवाच म्हटलं, ह्याला कळतंय शिकवायचं. मास्तर झालास रं गड्या."

वीरधवलच्या कानशिलात रक्त चढलं. आबांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा त्याचं कौतुक निघालं होतं. संयोगितानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं, आणि त्यानं नजर चुकवली. म्हणाला, "व्हय. म्हटलं, शिकंल."

दोन दिवस ते कौतुक त्यानं गुळाच्या खड्यासारखं तोंडात घोळवलं. पण ते गोड लागेना. वीस वर्षं ज्या शब्दासाठी झुरला तो मिळाला, आणि मिळाला कशासाठी, तर आयुष्यात केलेल्या सगळ्यात हलक्या कामासाठी. आणि त्याच दोन दिवसांत संयोगितानं कॅमेरा कापडात गुंडाळून पेटीत ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला शाळेला सोडताना त्यानं गाडी वाटेतच थांबवली.

"मी शिकवायला गप बसलो न्हवतो," तो म्हणाला. "आबा तुझं कौतुक करत हुते. मला बघवंना."

"म्हाईत हाय."

"कसं?"

"शिकवायचं असतं तर पयल्या फोटोनंतर सांगितलं असतंत. शिकवायला छत्तीस कशाला लागत्यात?" तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच लागला. "आन् आबांनीबी तेच केलं. तुमी दोघांनी मिळून माझा रोल खाल्लात. चला, उशीर हुतोय."

संध्याकाळी तो आबांपुढं जाऊन बसला आणि तिला जे सांगितलं तेच त्यांना सांगितलं. मास्तर वगैरे मी नाही, तुमचा शब्द परत घ्या, म्हणाला.

आबांनी चष्मा काढून धोतराला पुसला. मग म्हणाले, "मलाबी वाटलंच हुतं. पयल्या दोन-तीन फोटोंपत्तूर मी खरंच शिकवायला गप हुतो. मंग तुझं तोंड बघितलं. म्हटलं, आता बोलंल, मंग बोलंल. तू बोलशील म्हणून वाट बघण्यात सगळा रोल गेला. पोरीचं नुसकान मीच केलं. मागनं तुला मास्तर म्हणालो, वाटलं, तसंच असलं तर बरं हुईल."

"माझ्यात असं हाय हे तुमाला कसं कळलं?"

"माझ्यातबी हाय म्हणून." आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मायणीचं लग्न आठवतंय? तू नवा कॅमेरा आणला हुतास. मी स्टेजपुढं उभा हुतो, तर नवरदेवाचा चुलता म्हणाला, नाथाजी, तुमी जरा बाजूला व्हा, पोराला काढू द्या. शंभर माणसांत. मी बाजूला झालो. तुझा काय दोष न्हवता. पर त्या दिवसापासनं तुझा फोटो हातात घेतला की त्यो चुलता दिसायचा. तुझे फोटो चांगले असायचे, लय चांगले. माझ्या तोंडातनं शब्द निघायचा न्हाई."

वीरधवलला रडावं की भांडावं कळेना. एवढी वर्षं तो स्वतःच्या फोटोंत खोट शोधत बसला होता. तो उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी आबा एकटेच एसटीनं सांगलीला गेले आणि संध्याकाळी तीन रोल घेऊन आले. ते संयोगितापुढं ठेवून म्हणाले, "चुकलो, पोरी." तिनं रोल घेतले. पुन्हा फोटोला बसाल का, असं तिनं विचारलं, तर आबांनी मान हलवली. "बसायचा धीर एकदाच हुता. आता बास." तिनं पुन्हा विचारलं नाही.

तिचं दोघांशी कामापुरतं बोलणं आणखी पंधरा दिवस चाललं. पण कॅमेरा पेटीतनं निघाला. ती तो शाळेत न्यायला लागली. एका रविवारी न्हाणीच्या खिडकीला काळं कापड लावून तिनं आणि आबांनी पहिला फोटो छापला. ओला कागद घेऊन ती बाहेर आली आणि कुणाला न सांगता ओट्यावर ठेवला.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या चांदबींचा फोटो होता. वाफेमागं त्यांचा अर्धा चेहरा, पळीतली खिचडी तळहातावर घेऊन मीठ चाखताना मिटलेला एक डोळा, आणि खिडकीतनं आलेली उजेडाची तिरीप नेमकी त्या तळहातावर. वीरधवलनं त्याच चांदबींचा फोटो गॅदरिंगला काढला होता, हार घालून, हसा म्हणून सांगून. त्याला आता तो आठवला आणि लाज वाटली.

तो वाकून बघत राहिला. खोट सापडावी म्हणून शोधत होता. कोपऱ्यात थोडा अंधार होता. बाकी काही सापडेना. छातीत तीच ओळखीची आग पेटली, तेवढीच, तसूभरही कमी नाही. आबा खांबाला टेकून त्याच्याकडं बघत होते. संयोगिता मुद्दाम दुसरीकडं बघत हात पुसत होती.

"चांगला आलाय," वीरधवल म्हणाला. "मला जमला नसता."

संयोगितानं वळून बघितलं. "खरं बोलताय?"

"लय जळतंय. पर खरं बोलतोय."

पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिला हसू फुटलं. "मंग जळा जरा," ती म्हणाली, आणि फोटो वाळण्यासाठी दोरीवर अडकवायला गेली.