चौथ्या जागेवरचं ‘पाठव’

मी एक जुना संगणक आहे, आणि मित्रांनो, मी रागावलो आहे. गोड गोष्ट हवी असेल त्यांनी स्वयंपाकघरातल्या फ्रिजला विचारावं. तो थंड डोक्याचा आहे.

विश्रांतवाडीतल्या या घरात मला अनंतरावांनी हौसेनं आणलं. ऑफिसातून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. माझ्यावर ते पत्ते खेळले, मग त्यांना लॅपटॉप मिळाला आणि मी गेलो बाल्कनीत. अंगावर जुनी चादर, वर वाळत घातलेल्या कपड्यांचे थेंब. तेव्हाही मी रागावलो नव्हतो. जुन्याचं असंच व्हायचं, असं वाटायचं.

मला आत आणलं ते अनंतरावांच्या पत्नी सरोजिनीबाईंसाठी. या घरच्या बाई मंगलाष्टकं रचून देतात. लेकीचं नाव, आईबापांची नावं, तिच्या अंगणातलं झाड, सगळं ओवून अशी माळ करतात की मांडवात अक्षता टाकायचं माणसं विसरतात. पण बाईंच्या डोळ्यांत मधोमध धुकं उतरलं. कडेचं दिसतं, समोरचं नाही. लॅपटॉपवरची बारकी चित्रं त्यांना मुंग्यांसारखी वाटायची.

त्यांची भाची तनया आली, तिनं माझी धूळ पुसली आणि माझा मेनू उघडला. मेनू म्हणजे कळ दाबली की पडद्यावर उभी राहणारी कामांची रांग. माझ्या रांगेत तर जत्राच भरली होती.

“मावशी, यातलं तुला काय काय लागतं?”

“लिहायला, लिहिलेलं ऐकायला, छापायला आणि पाठवायला. बाकीचं जाऊ दे तेल लावत.”

तनयानं बाकीचं लपवलं. उरलेल्यांना मराठी नावं दिली, अक्षरं बोटभर मोठी केली. “आता कुठल्या क्रमानं लावू?”

“मिसळणाच्या डब्यासारखं लाव. मोहरी कुठे, हळद कुठे, हे मी बघते का? हात जातो आपोआप.”

तशी रांग लागली. आधी ‘लिही’, मग ‘ऐकव’, मग ‘छाप’, चौथ्या जागी ‘पाठव’. ‘पाठव’ म्हटलं की मी लिहिलेलं जपूनही ठेवायचो आणि धाडूनही द्यायचो. ‘बंद कर’ सगळ्यांच्या खाली, लांब. चुकून हात तिथे गेलाच, तर मी मोठ्यानं विचारायचो, “खरंच बंद करू?” मित्रांनो, बाईंनी लिहिलेलं वाचून दाखवणं वेगळं. माझं स्वतःचं म्हणून मला आयुष्यात मिळालेलं हे एकच वाक्य.

काय दिवस होते ते! बाण खाली सरकवत बाईंची बोटं मोजत जायची आणि बरोबर जागी थांबायची. कुणाला हाक नाही, कुणाची विनवणी नाही. मी गुणगुणत असायचो आणि बाईही.

मग परवाचा दिवस उजाडला. लोणी काळभोरच्या शालूताईंच्या पूर्णिमाचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं, वाघोलीच्या कार्यालयात. सकाळीच त्यांचा फोन आला. “बाई, सांजंपातूर धाडा हां. म्हणणारीला पाठ करायचं हाय.”

बाई कडव्यामागून कडवं लिहीत होत्या. शेवटचं राहिलं, तेव्हा देवपूजेला उठल्या. आणि अनंतराव माझ्यासमोर बसले.

या माणसाच्या घरात औषधंसुद्धा अकारविल्हे लावलेली असतात. “‘लिही’ आधी आणि ‘ऐकव’ नंतर? काही पद्धत आहे की नाही?” असं म्हणत त्यांनी माझी रांग मोडली. ऐकव, छाप, पाठव, बंद कर, लिही. ‘पाठव’ची जागा ‘बंद कर’ला! वर म्हणाले, “आणि दर वेळी ‘खरंच बंद करू’ काय? माणूस काय उगाच दाबतो?” माझं ते वाक्यही पुसून टाकलं. मग हात झटकून पेपर वाचायला गेले. बायकोला सांगायचं कशाला? सुधारणाच तर केली होती ना!

बाई परतल्या. शेवटचं कडवं लिहिलं, मान हलवून स्वतःशीच हसल्या. मेनू उघडला. बाण एक, दोन, तीन खाली. बोट चौथ्या जागी थांबलं. मी आतल्या आत ओरडत होतो, नको, बाई, नको! पण विचारायला तोंडच ठेवलं नव्हतं. मी बंद झालो. सकाळपासूनची कडवी अंधारात गेली.

मला पुन्हा चालू केलं, तेव्हा अनंतराव म्हणत होते, “अगं, तुझ्या डोळ्यांचं हे असं. चुकीचं दाबलं असशील.”

बाई म्हणाल्या, “असेल.” मग हळूच, “शालूताईंना कळवते. दुसरं कुणी बघा म्हणावं. माझ्यानं आता होत नाही.”

त्या ‘असेल’नं माझा जीव जळला. तसा बाल्कनीतही जळला नव्हता. चूक त्यांची नव्हती हो!

फोन उचलण्याआधी, केवळ सवयीनं, बाईंनी मेनू उघडून पहिल्या जागेवर टिचकी मारली. ‘लिही’ उघडायचं, तर ‘ऐकव’चा आवाज सुरू झाला. हात थबकला.

“अहो, इकडे या. माझ्या डब्याला कुणी हात लावला?”

“मी फक्त नीट लावलं. अकारविल्हे.”

“हो का? मग उद्यापासून मिसळणाचा डबाही तसाच लावते. हळद शोधत बसा, तोवर फोडणी जळेल. माझे डोळे गेलेत, हात नाही गेले. बसा इथे. मी सांगते तसं एकेक परत लावा. आणि त्याचं ते विचारणं आधी परत द्या.”

बसले. लावलं. ‘चुकलं’ म्हणाले नाहीत, म्हणून माझा राग अजून आहे.

बाईंनी सगळं पुन्हा रचलं. दुपार त्यात गेली. शेवटच्या कडव्यात पूर्वीची ओळ तशीच आली, पण खाली एक नवी येऊन बसली. दुसऱ्या जागेवरचं ‘ऐकव’ दाबून त्या म्हणाल्या, “अहो, ऐका जरा.” मी वाचलं,

जा बाळे, परि आंगणातिल जुनी जाई तुला आठवो,
राखावी तव मांडणी, न पुसता कोणी न ती हालवो.

ओळ बाईंची होती, पण मी ती माझी म्हणून वाचली.

अनंतरावांनी बोटांवर अक्षरं मोजली. मग म्हणाले, “वृत्तात बसलंय.”

“तुमच्या डोक्यात बसलं की झालं,” बाई म्हणाल्या, आणि चौथ्या जागेवर बोट ठेवून त्यांनी ते स्वतःच पाठवलं. ऊन उतरायच्या आत शालूताईंचा फोन आला. त्या बोलत कमी आणि रडत जास्त होत्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी आपल्या सोयीनं काही मांडून ठेवलेलं असेल. तुम्हाला तो पसारा वाटेल. हलवण्याआधी एकदा विचारा, “खरंच हलवू?” माझं तोंड कुणीही पुसून टाकू शकतं. तुमचं तर शाबूत आहे ना?