मधलं रीळ

माकणीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. घासाघीस न करता मी कधी काही विकत घेतल्याचं गावात कुणी पाहिलेलं नाही. गंगम्मा, माझी बायको, म्हणते की लग्नात मंगळसूत्राचा भावसुद्धा मी सोनाराशी भांडून पाडला होता. खरंच आहे ते. वस्तू घ्यायची तर आधी ती किती टिकेल ते बघायचं आणि मग किमतीकडं. स्वस्तातली वस्तू दोनदा घ्यावी लागते, आणि महागातलीचे निम्मे पैसे चकचकाटाला जातात. मधली घ्यावी. गिऱ्हाइकालाही मी हेच सांगतो, म्हणून तर दुकान चाललंय.

राजपाल माझा शाळेपासूनचा दोस्त. साखर कारखान्यात फिटर होता, निवृत्त होऊन गावी परत आला. मी त्याला फिटर म्हणतो, तो मला शेठ म्हणतो. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं धरणाच्या काठावर गळ टाकून बसायचो. आता आम्ही लिंगायत, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. तरी मला गळाचा नाद आहे. पाण्याखालून तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, ताणला गेला की हाताला जो झटका बसतो, त्यासाठी मी आठवडा काढतो. गावातली माणसं यावरून माझी चेष्टा करतात, करू देत.

यावर आम्ही तोडगा काढला होता. गांडूळ मी लावायचं नाही, मी कणकेची गोळी लावणार. मासा लागला की काठीवरचं रीळ फिरवून काठाला मी आणायचा आणि गळातून राजपालनं सोडवायचा. मासा त्याच्या घरी जायचा. इतक्या वर्षांत मी माशाला बोटही लावलेलं नाही. घरी गेलो की गंगम्मा मागल्या दारी पाणी काढून ठेवायची, आंघोळ केल्याशिवाय आत घ्यायची नाही. राजपालची बायको जाईबाई हसून म्हणायची, "शिवशरणभाऊ, तुमी धरता आन् आमी खातो, पाप कुनाला लागतं ओ?"

दिवाळीनंतर राजपाल आजारी पडला. अन्न जाईना, अंग पिवळं पडलं. त्याचा मुलगा अमरदीप त्याला सोलापूरला घेऊन गेला. परत आल्यावर अमरदीप माझ्या दुकानात आला आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत कुलपं चाळत उभा राहिला. मग म्हणाला, "काका, पोटात गाठ हाय. लिव्हरपतुर गेली. डॉक्टर म्हनले, घरी न्या आन् खाऊ-पिऊ घाला. आबास्नी आमी आतड्याची सूज म्हनून सांगितलंय. तुमी बी तेच सांगा."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्या आठवड्यात भेटायला गेलो तर राजपाल बाजेवर उशीला टेकून बसला होता. गळ्याचं हाड वर आलं होतं. मला बघून म्हणाला, "शेठ, सोलापूरला मालाला जाशील तवा एक रीळ आन. माझ्या रिळाचे दाते गेले. सूज उतरली की म्या येनार. उन्हाळ्यात पानी खाली गेलं की कटला मासा लागतो का न्हाय बघ."

"आनतो की."

"टिकनारं आन. आन् भाव करून आन, न्हायतर लुटून येशील." आणि मग त्यानं मला रीळ कसं बघायचं ते शिकवलं. कानाशी धरून हळू फिरवायचं, दाते कुरकुरले तर ठेवून द्यायचं. मूठ हलवून बघायची, ढिली असेल तर ते वर्षभर टिकत नाही. बेअरिंग किती आहेत ते दुकानदार सांगत बसेल, तिकडं लक्ष द्यायचं नाही, अंग धातूचं आहे का ते बघायचं. मासा जोरानं ओढायला लागला की तंगूस थोडा थोडा सोडणारा एक पेच असतो, तो मऊ सुटतो की हिसक्यानं, ते हातानं ओढून बघायचं. बोलता बोलता त्याला धाप लागली. जाईबाईनं पाणी आणून दिलं आणि माझ्याकडं न बघता आत गेली.

सोलापूरला मालाची खरेदी आटोपून मी रिळाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं तीन रिळं काढून ठेवली. पहिलं प्लास्टिकचं, हलकं, रंगीत. दुसरं काळं, धातूच्या अंगाचं, दिसायला साधं. तिसरं सोनेरी कडांचं, डबीत मखमल, किंमत दुसऱ्याच्या तिप्पट.

मी तिन्ही कानाशी धरली. पहिलं कुरकुरलं. दुसरं आणि तिसरं सारखंच गुळगुळीत फिरलं. दुसऱ्याची मूठ तर तिसऱ्यापेक्षाही घट्ट होती. काळं रीळ घ्यायचं हे काही विचार करण्यासारखं नव्हतंच. माझ्या जागी राजपाल असता तर त्यानं तेच घेतलं असतं.

पण माझा हात पहिल्याकडं गेला. सवयीनं डोक्यात हिशेब आला, टिकणार किती आणि वापरणार किती. वापरणार किती, असं मनात आलं आणि मला स्वतःची किळस आली. अरे, हा माणूस उन्हाळ्याच्या कटल्याची वाट बघतोय आणि तू त्याच्या जिवाचा हिशेब करतोस? त्या रागात मी काळ्या रिळाकडंही बघितलं नाही. सोनेरी उचललं आणि दुकानदार सांगेल ते पैसे दिले. तो बिचारा भाव कमी करायच्या तयारीत होता, माझ्याकडं बघतच राहिला. एसटीत डबी मांडीवर घेऊन बसलो. वाटलं, हे बघून राजपालला दम येईल. इतकं टिकाऊ आणलंय म्हणजे मी अजून खूप जगणार, असं त्याला वाटेल.

पुढच्या रविवारी राजपालनं हट्टच धरला. अमरदीपनं त्याला मोटरसायकलवर मागं बसवून धरणावर आणलं, घोंगडी अंथरून बाभळीला टेकवून बसवलं आणि "तासाभरात येतो" म्हणून गेला. पाणी बरंच मागं सरलं होतं. काठाच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. कुणाची तरी मोटर दूरवर चालू होती.

मी डबी त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं उघडली. मखमलीकडं बघितलं, मग रीळ बाहेर काढलं, कानाशी धरलं, फिरवलं. मूठ हलवून बघितली. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. तो खूश होईल म्हणून मी वाट बघत होतो.

"केवढ्याला पडलं?"

मी सांगितलं.

"भाव किती पाडलास?"

मला खोटं सांगता आलं असतं. गिऱ्हाइकाला सांगतोच की. तेवढं सुचलं नाही.

राजपालनं रीळ हळूच घोंगडीवर ठेवलं. "शेठ," तो म्हणाला, "किती दिवस सांगितलेत डॉक्टरनं?"

"काय बोलतो येड्यावानी! सूज हाय."

"माझ्या पोराच्या लग्नात आहेराचं पातेलं आनताना तू भांड्याच्या दुकानात दोन तास भांडलास. आन् आज भाव न करता ह्ये आनलंस?" त्याचा आवाज चढला नव्हता. "मला संशय व्हता. आज खात्री पटली. मधलं आनलं असतंस ना, तर म्या फसलो असतो."

मला रडू फुटलं. भर उन्हात, काठावर, या वयात. तो मला समजावत नव्हता की रागावत नव्हता, नुसता पाण्याकडं बघत बसला. तिकडंच बघत म्हणाला, "जाईला आन् पोराला सांगू नगंस. त्यास्नी वाटू दे मला ठावं न्हाय. त्यांचं लपवन्यातच चाललंय, चालू दे."

मग त्यानं खिशातून नाणं काढलं आणि रिळाचा स्क्रू सोडवायला लागला. नाणं दोनदा खाचेतून घसरलं. मी पुढं झालो तर माझा हात झटकला. मूठ त्यानं डावीकडून काढली आणि उजवीकडं बसवली. मी डावखुरा आहे, काठी डाव्या हातात धरतो, म्हणून मला मूठ उजवीकडं लागते. त्याला नाही लागत.

"हे तुझ्यासाठी आनलंय फिटर," मी म्हणालो.

"व्हय की. आता म्या तुला देतोय. टाक गळ."

मी रीळ माझ्या काठीला बसवलं, त्यात तंगूस भरला. कणकेची गोळी लावली आणि गळ टाकला. रीळ झकास होतं, तंगूस सुळकन लांब गेला. त्या चांगलेपणाचाच मला संताप आला. मला वाटत होतं काही लागू नये. पण थोड्याच वेळात झटका बसला. मी रीळ फिरवत मासा काठाला आणला, रोहू होता, हाताएवढा. चिखलात तो उड्या मारायला लागला. मी नेहमीसारखा बाजूला सरकलो आणि राजपालकडं बघितलं.

तो उठला नाही.

"काढ."

"मला जमत न्हाय, तुला ठावं हाय."

"म्हनून तर म्हनतो. काढ."

"गंगम्मा घरात घेनार न्हाय."

"आंघोळ घालून घील. काढ शेठ, तडफडायलाय त्यो. डोक्यामागून धर. घट्ट धर, पन दाबू नगं. गळ जसा आत गेला तसाच मागं फिरवून काढ."

मी गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याच्या आत सारलं आणि खाली वाकलो. मासा गार होता. हातातून दोनदा निसटला. तिसऱ्यांदा धरला तेव्हा त्याचे कल्ले माझ्या बोटांना उघडमीट करताना लागत होते. गळ निघाला. राजपालनं बसल्या जागी पिशवी उघडी धरली होती, तिच्यात मी मासा सोडला.

"जमलं की," तो म्हणाला आणि डोळे मिटून बाभळीला टेकला. "म्या न्हाय म्हनून नाद सोडू नगंस. लागलेला मासा जाईला नेऊन देत जा. पिशवी दारात ठिवून पळू नगंस, बसत जा घडीभर."

अमरदीप आला आणि त्याला घेऊन गेला. मी मागून चालत पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेलो. राजपाल आत बाजेवर भिंतीकडं तोंड करून झोपला होता. जाईबाई दारात आली, मागं वळून आत बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "रीळ आवडलं का त्यास्नी?"

"लई आवडलं, वहिनी."

"काई इचारलं तर न्हाय न्हवं? कळलं तर न्हाय त्यास्नी काई?"

"न्हाय. काईबी न्हाय." मी पिशवी पुढं केली.

जाईबाईनं पिशवी घ्यायला हात लांब केला आणि तो तसाच राहिला. ती माझ्या बोटांकडं बघत होती. बोटांना, मनगटाला, बाहीला माशाचे खवले चिकटले होते. मी हात मागं घेतला, पण उशीर झाला होता.

"तुमी काढला?" ती म्हणाली. "त्यांनी तुमास्नी काढायला लावला?"

मी खवले सदऱ्याला पुसायला लागलो. जाईबाईनं पदर तोंडात धरला, आतल्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि तिथंच उंबऱ्यावर खाली बसली.