स्टेनरुडांच्या चढावर

मी पोलिसांची गस्तीची गाडी, नंबर सात. पराक्रमाच्या चार गोष्टी माझ्याकडेही आहेत, पण त्या सांगायला आता तोंड उरलेलं नाही. उरली आहे ती लाज, म्हणून तीच सांगते.

नॉर्थ डकोटातल्या एका लहानशा जिल्ह्यात मी नवी कोरी आले. माझं इंजिन तसं छोटं, पण त्याला टर्बो होता. टर्बो म्हणजे मुठीएवढा पंखा. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तो गरगर फिरतो, इंजिनात हवा कोंबतो, आणि लहान इंजिनाला मोठ्याचं बळ येतं. मला त्याचा भारी तोरा होता. त्याचं मागणं दोनच गोष्टींचं : ताजं तेल, आणि पळून आल्यावर बंद होण्याआधी दोन मिनिटं दम खाणं.

मला चालवायची मार्लिस हाउगेन. पस्तिशीची, तोंडानं फटकळ, मनानं सरळ पोलीस. हाडं गोठवणाऱ्या थंडीत ती मला तासन् तास एका जागी चालू ठेवायची, आणि कुठून सुसाट आली की खटकन किल्ली फिरवून मला बंद करायची.

गॅरेजात ओरिन ट्वेट होते. तीस वर्षं हात काळे केलेले मेकॅनिक.

"अगं मार्लिस, हिला पाणी पाजल्याशिवाय पळवलेल्या घोड्यासारखी वागवतेस," ते म्हणायचे. "कागदावर मैल थोडे दिसतात, पण उभ्या उभ्या किती तास चालते ही! तेल कधीच जळून गेलंय."

"तेल बदलायचा ऑफिसचा नियम मैलांचा आहे, ओरिन. तुम्ही नियमापेक्षा शहाणे का?"

"शहाणा असतो तर इथे असतो का?"

दोघं हसायची. तेल तसंच राहायचं.

जानेवारीत माझ्या टर्बोतून बारीक शीळ येऊ लागली. जळक्या तेलाचे खडे नळीत साचले होते, पंख्याचा दांडा झिजला होता. ते रडणं होतं. मार्लिसला मात्र ते गाणं वाटलं.

"ऐकलंस? गातेय माझी राणी!" ती एकदा शेजारी बसलेल्या पोलिसाला म्हणाली. रोज सकाळच्या तपासणीच्या कागदावर ती 'सर्व ठीक' लिहायची. आणि खरं सांगू? 'राणी' म्हटल्यावर मीही फुशारले होते.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी निरोप आला. हल्वोर स्टेनरुड अंगणात कोसळले होते, हृदय बंद पडलं होतं. हल्वोर म्हणजे गुरांच्या बाजारातले बोली पुकारणारे. त्यांची जीभ अशी चालायची, की ऐकणाऱ्याला धाप लागावी. हृदयाला झटका देऊन चालू करणारं यंत्र माझ्या डिकीत होतं, आणि सगळ्यांत जवळ आम्हीच होतो.

नदीकाठचा रस्ता मी वाऱ्यासारखा कापला. त्यांच्या घराच्या चढाला लागले आणि आत काहीतरी कडकन तुटलं. मागून निळा धूर निघाला. अंगातलं बळ गेलं.

"चल गं! पाऊणच मैल राहिलाय, चल!" मार्लिस ओरडली.

मी उभी राहिले.

ती यंत्र उराशी धरून बर्फातून धावत सुटली. दोनदा पडताना मी तिला पाहिलं. वर त्यांच्या पत्नी गुड्रुनबाई एकट्याच हल्वोरांची छाती दाबत होत्या. हल्वोर वाचले, पण मेंदूला रक्त कमी पडलं होतं. उजवा हात गेला, आणि वाचा गेली.

ओरिननी मला उघडलं. नळीतून कोळसा निघाला.

"हे एका दिवसाचं नाही. आधी आवाज येत नव्हता?"

"नाही," मार्लिस म्हणाली.

मग दोष ओरिनवरच आला. गॅरेजातल्या शेवटच्या तपासणीवर सही त्यांची होती ना. त्यांना घरी बसायला सांगितलं. मी सगळं ऐकत होते, आणि मला जीभ नव्हती.

मार्चमध्ये गुड्रुनबाई हल्वोरना घेऊन गॅरेजात आल्या, मार्लिससाठी थाळीत घरी भाजलेला ॲपल पाय घेऊन.

"तू धावलीस म्हणून हे आहेत, पोरी."

मार्लिसनं थाळी हातात घेतलीच नाही. "तीन आठवडे आवाज येत होता. मला तो आवडायचा. मी कुणाला सांगितलं नाही, आणि ओरिनशी खोटं बोलले."

गुड्रुनबाई थाळी तशीच घेऊन बाहेर गेल्या. हल्वोर तिथेच राहिले. ओठ हलत होते, शब्द सापडत नव्हता. फार वेळानं एकच शब्द आला.

"लि...ही."

तिनं माझ्या बॉनेटवर कागद ठेवून सगळं लिहिलं. तिचा हुद्दा गेला, गस्तही गेली. ओरिन परत आले, आणि तासांचा हिशोब लावून तेल बदलायचा नियम झाला.

आता मला नवा टर्बो आहे. मार्लिसला पुन्हा गस्तीवर घेतलंय. कुठूनही आलो की ती दोन मिनिटं गप्प बसते, मगच किल्ली फिरवते. मला माफ करा, असं मी म्हणत नाही. एवढंच मागते, तुमच्या दारातली गाडी कुरकुरली तर तिचं कौतुक करू नका. तिला उघडून बघा.

कधी कधी आम्ही त्या चढावरून जातो. हल्वोर ओसरीवरून डावा हात वर करतात. मार्लिसही हात करते. गुड्रुनबाई मात्र आत निघून जातात, आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.