तेरवीची मेथी

मित्रांनो, मी प्रयागबाईंच्या हातातले जुने खुरपे. त्यांच्या हातातला माझा शेवटचा दिवस इतर दिवसांसारखाच होता. सकाळी त्या मला घेऊन मेथीच्या वाफ्यात तण काढायला बसल्या.

माझा जन्म अनसिंगचा. तिथल्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा तापवून मला ठोकून घडवले आणि बाभळीची मूठ बसवली. बरीच वर्षे मी सोयाबीनच्या तासांतून फिरले. पुढे प्रयागबाई वाशिमला राहायला आल्या, तेव्हा भांड्यांसोबत मलाही त्यांनी आणले.

"शहरात खुरपं कायले?" लेक शुभांगीने विचारले होते.

"हाताले चैन पडत नाही व."

कॉलनीच्या मोकळ्या जागेत सगळ्यांनी मिळून बाग केली होती. कोपऱ्यात पूर्वी बॅटऱ्या दुरुस्त करण्याची शेड होती. तिथे कुणी वाफा घेईना, म्हणून प्रयागबाईंनी घेतला. माती काळी आहे एवढेच त्यांनी पाहिले. मित्रांनो, त्या जागेवर आधी काय होते, हेही विचारायला हवे होते.

भाजी तयार झाली की पहिली जुडी त्या घरी शिजवत नसत. ती वानवळा म्हणून शेजारी जाई. वानवळा मोजायचा नसतो आणि नाकारायचाही नसतो. शेजारच्या हिरीबाईंची लहान नात तर याच पालक-मेथीवर वाढत होती.

त्या सकाळी माझे पाते कशात तरी रुतले. दगडावर मी खणकन वाजते. इथे आवाजच आला नाही. राखी रंगाची, जड, जाळीदार पट्टी निघाली. तिच्याखाली तशाच आणखी होत्या.

"शिसं हाये वाटते," प्रयागबाई म्हणाल्या. "बाजूच्या जगदेवभाऊच्या दुकानातल्या तराजूले पासंग होईन."

शुभांगी बाजूलाच उभी होती. बॅटरीतले शिसे मातीत मुरते, पाल्यात उतरते आणि लहान मुलांना सर्वांत जास्त बाधते, हे तिने वाचले होते. ती एवढेच म्हणाली, "आई, हात धू."

"धुतो ना! मेथी बी धूनच खातो आपन, मातीसंगट नाही खात," आई हसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रयागबाई उठल्या नाहीत. झोपेतच हृदय थांबले होते.

वाफ्याला शेजारी पाणी घालत राहिले. तेरवीच्या सकाळी हिरीबाईंनी मला हाती घेऊन सगळी मेथी खुरपून काढली. जगदेवभाऊंनी टोपले धरले.

"हेच भाजी करू," हिरीबाई म्हणाल्या. "प्रयागाचा शेवटचा वानवळा. साऱ्यायच्या पानात पडू द्या."

"बाई गेली, तरी वाढूनच राह्यली," जगदेवभाऊ म्हणाले.

शुभांगीने टोपले त्यांच्या हातातून घेतले.

"काकू, हे कोणाच्याच पानात वाढू नोका. नातीले तर मुळीच नोका देऊ."

हिरीबाईंचा हात थांबला. "तुह्या मायच्या हातचं हाये पोरी. तिनं का इख पेरलं व्हतं?"

"तिनं मेथीच पेरली. इख मातीत आधीपासून होतं. धुतल्यानं ते जात नाही. नातीचं रक्त तपासून घ्या."

शुभांगीने टोपले खाली ठेवले आणि ती रिकाम्या वाफ्याकडे वळली.

"आई," त्या सकाळी सांगायचे राहिलेले ती आता सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "तुह्यी भाजी खाऊ नोको. कोणालेच देऊ नोको."