अ‍ॅल्युमिनियमचा चिमटा

माझ्या नाकावरचा राग शाबूत आहे, वाचा तेवढी गेली. उजवं अंगही गेलं, पण त्याचं मला एवढं नाही. उभा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात घालवला, गिऱ्हाइकांना तोंडावर फाडफाड बोललो, आणि आता तोंड उघडलं की नुसतं ‘ग्गे, ग्गे’ बाहेर पडतं. लिहून सांगावं, तर डोक्यातली अक्षरं डाव्या हातापर्यंत पोचेस्तोवर त्यांचा गुंता झालेला असतो.

म्हणून मला रेडिओ लागतो. भेटायला येणारी माणसं काहीतरी विचारतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. रेडिओ आपलं आपलं बोलतो, उत्तराची वाट बघत नाही. मुलीने नवा आणला होता, मुगाएवढ्या बटणांचा. तो मी दोनदा खाली पाडला. दुसऱ्यांदा मुद्दाम.

मला माझाच हवा होता, तरुणपणी मी स्वतः जुळवलेला, लाकडी खोक्यातला. त्याचा एक ट्रान्झिस्टर गेला होता. बाजारातल्या रेडिओवाल्याने कोणता ते शोधून दिलं आणि ‘भंगारात द्या आता’ असा सल्लाही फुकट दिला. त्या जुन्या जातीचा ट्रान्झिस्टर हल्ली मिळत नाही. माझ्या डब्यात एकच उरला होता.

“मी बसवते,” मुलगी म्हणाली.

मुलगी शिवणकाम करते. अंगाने काडी आणि बोलायला टोकदार, म्हणून मी तिला टाचणी म्हणायचो. तिने मोडक्या सर्किटांवर हात बसवला, बोटं भाजून घेतली, आणि आज दुपारी दुकानाला सुट्टी देऊन माझ्या टेबलाशी बसली. माझी खुर्ची तिने शेजारी ओढून चाकं अडकवून ठेवली. टेबलाची कड माझ्या हाताला लागत होती, पलीकडचं काही लागत नव्हतं.

हा जुना ट्रान्झिस्टर उष्णतेला भारी हळवा. त्याच्या तारेसारख्या पायांना सोल्डर, म्हणजे वितळवलेलं कथील, लावायचं, तर आधी पायावर अ‍ॅल्युमिनियमचा छोटा चिमटा अडकवायचा. धग वर चढायला लागली की चिमटा ती मधल्यामध्ये पिऊन टाकतो. मुलीने डब्यातून बरोबर तो चिमटा उचलला, न विचारता. विचारून तरी काय उपयोग होता म्हणा!

पहिला पाय. दुसरा. दर वेळी चिमटा काढून पुढच्या पायाला. मी मान ताणून बघत होतो, कुठे चुकते ते पकडायला. सवय माझी. पोरीने कुठे चुकू दिलं नाही. टाका बसला तो असा गुळगुळीत आणि चकचकीत, की माझ्या उमेदीतही दहातले चारच तसे बसायचे. मी जन्मात कुणाला चांगलं म्हणालो नाही. चांगलं काम दिसतंच, त्याला तोंडाने कशाला सांगायला हवं, असं माझं मत. आज मात्र म्हणावंसं वाटलं.

तिसरा टाका झाल्यावर तिने तापलेलं सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवलं, पण चिमटा तसाच ठेवला.

“निवू दे जरा पुरतं,” ती म्हणाली. “घाई नको.”

आणि सेल आणायला उठली.

सेल घेऊन आली ती थेट मागच्या झाकणाकडे वळली. चिमटा तसाच होता. एका बाजूला कलून त्याचं तोंड शेजारच्या पायाला टेकलं होतं. धातूचा चिमटा, दोन पायांना एकदम चिकटलेला! अशात सेलचा प्रवाह सोडला की ट्रान्झिस्टर त्याच क्षणी मेला.

“ग्गे!” मी ओरडलो. “ग्गे! ग्गे!”

“हो बाबा, लावतेच आहे.” तिची पाठ माझ्याकडे. एक सेल आत गेला.

मी रेडिओकडे बोट दाखवलं. तिने वळून पाहिलं आणि हसली. “दिसतंय मला. बातम्यांची वेळ झाली ना? दम धरा की!”

मी जोरजोरात मान हलवली, पण ती पुन्हा सेलांकडे वळली होती. मी टेबलाच्या कडेवर हात आपटला. या घरात मी चहासाठी हात आपटलाय, जेवणासाठी आपटलाय, उगाचही आपटलाय. तिने मान वर केली नाही.

शेवटी मी हाताशी कडेवर ठेवलेला पाण्याचा पेला लोटून दिला. पाणी टेबलभर पसरलं. तिने आधी रेडिओ उचलला, सुरक्षित बाजूला, उघडी बाजू भिंतीकडे करून ठेवला, आणि फडकं आणून सगळं नीट पुसलं. रागावली नाही. चिमटा आता मला दिसतही नव्हता.

“झालं. आता ऐका,” म्हणत तिने बटण फिरवलं.

स्पीकरमधून एकदाच ‘ठक’ आलं. मग काही नाही. तिने बटण पुन्हा फिरवलं, सेल काढून घातले, पुन्हा फिरवलं. मी डोळे मिटून घेतले.

“जास्त वेळ टेकवलं का मी?” ती स्वतःशीच म्हणाली. “भाजला गेला तो. शेवटचा होता, आणि मी भाजला.” बोलता बोलता तिने चिमटा काढला, जागेवर म्हणून डब्यात टाकला आणि झाकण लावलं. ज्याने घात केला तो हातात धरूनही तिला दिसला नाही.

रेडिओ तिने उघडाच माझ्या मांडीवर आणून ठेवला. डोळे भरले होते तिचे. “हे काम माझ्या हातचं नाही, बाबा. तुमचा हात कुठे, माझा कुठे.”

मेला तो रेडिओ! मला तेव्हा एवढंच सांगायचं होतं, की पोरी, तू काही भाजलं नाहीस. धग कणभरही वर गेली नव्हती. मी डाव्या हाताने तिचं बोट धरलं, ओढत खोक्यात नेलं आणि त्या चकचकीत टाक्यावर टेकवलं. दाबून धरलं. बघ की गं, कसा बसलाय.

तिने बघितलं. बराच वेळ बघितलं.

“हो बाबा,” ती म्हणाली. “कळलं. इथेच चुकलं माझं.”

“ग्गे!” मी ओरडलो.

“नका ना रागवू,” म्हणून तिने पदराने माझी हनुवटी पुसली.